मांजराच्या नव्या पिल्लाला गजकर्ण झाल्यास घरी काय करावे

घरी आणलेल्या पिल्लाच्या कानाच्या पाळीवर, नाकावर किंवा पुढच्या पंजावर केस गळालेला गोल चट्टा दिसला, की आपल्याकडे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर चट्ट्यावर घरातले काहीतरी चोळले जाते, नाही तर पिल्लाला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येण्याची भाषा सुरू होते. या दोन्हींची गरज नाही. गजकर्ण हा बुरशीचा आजार आहे, तो पूर्ण बरा होतो आणि एरवी निरोगी असलेल्या पिल्लाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. मात्र तो माणसांना लागतो आणि घरात रेंगाळतो. त्यामुळे पिल्लाचे सगळे अंग, पिल्लाची खोली आणि घरातली माणसे या तिन्हींकडे एकाच वेळी लक्ष दिले नाही, तर बरा झालेला चट्टा पुन्हा उमटतो.

मांजरांमध्ये हा आजार बहुतांशी मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी केसातच वाढते, त्यामुळे केस ठिसूळ होऊन कातडीजवळ तुटतो आणि तुटलेला प्रत्येक तुकडा तिचे बीजाणू घेऊन घरभर फिरतो. चट्टा नीट पाहिला तर मधली कातडी राखेसारख्या कोंड्याने भरलेली असते, कडेला तुटक्या केसांची खुरटी रांग दिसते आणि खाज बहुधा नसतेच किंवा अगदी थोडी असते. संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत 1 ते 3 आठवडे जातात. म्हणूनच आणले त्या दिवशी स्वच्छ दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही पुढे चट्टे उठू शकतात, आणि घरात आधीचे मांजर असेल तर नव्या पिल्लाला पहिले तीन आठवडे वेगळे ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

केस गळण्याला खरूज, पिसवा, जखम अशी इतर कारणेही असतात, त्यामुळे आधी निदान झाले पाहिजे. सांगली-मिरज आणि सातारा शहरांत कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे खासगी डॉक्टर आहेत, आणि सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याच्या जांभळट प्रकाशात पिल्लाचे केस तपासतात. मायक्रोस्पोरम कॅनिस असेल तर बरेचदा केसाची दांडी मुळापासून पोपटी रंगाने चकाकते. मात्र चकाकी दिसली नाही म्हणजे आजार नाही, असे ठरत नाही. अशा वेळी केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, किंवा नवा कोरा टूथब्रश सगळ्या अंगावरून फिरवून त्यावर आलेले केस व कोंडा बुरशीच्या कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते पाहण्यासाठी, घेतात. कल्चरच्या अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात, पण लक्षणे स्पष्ट असतील तर डॉक्टर तेवढे थांबत नाहीत.

तपासणीपूर्वी चट्ट्यावर काहीही लावू नये, हे सांगलीकरांना विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण आपल्या घरात पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. हळद त्या दिव्याखाली स्वतःच हिरवट-पिवळी चकाकते, शिवाय कोंडा व तुटके केस तिच्या थराखाली झाकले जातात आणि निदान अवघड होते. गोठ्यात वासराच्या तोंडावरच्या नायट्याला काही जण जळके ऑइल लावतात; ते पिल्लाला कधीही लावू नये, कारण मांजर दिवसभर अंग चाटते आणि अंगावरचे सगळे पोटात जाते. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या घरी गंधक आणि बुरशीनाशके हाताशी असतात, पण पिकासाठीची ती औषधे पिल्लासाठी विष ठरू शकतात. टी ट्री ऑइलही मांजरांना बाधते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खाजेच्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली चार दिवस दबते, पण आतून बुरशी पसरत राहते, आणि हे माणसांच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

पोटातून द्यायच्या औषधांत मांजरांसाठी सध्या मुख्यतः इट्राकोनाझोल वापरतात. नेहमीची मात्रा दर किलो वजनाला 5 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, आणि बरेचदा एक आठवडा औषध व एक आठवडा विश्रांती अशी असते. 800 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी फक्त 4 मिलिग्रॅम लागतात, तर माणसांची कॅप्सूल साधारणपणे 100 मिलिग्रॅमची असते. ती घरी फोडून अंदाजाने 25 वाटे करता येत नाहीत, म्हणून पातळ औषध किंवा मोजून दिलेल्या पुड्या डॉक्टरांकडूनच घ्याव्यात. पिल्लू झपाट्याने वाढते, म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून त्याचे दर आठवड्याला वजन करावे आणि ते डॉक्टरांना कळवावे. औषध सुरू असताना पिल्लाने खाणे सोडले, उलट्या केल्या किंवा हिरड्या व डोळे पिवळे दिसले, तर पुढची मात्रा न देता लगेच फोन करावा.

पोटातले औषध केसांवरचे बीजाणू मारत नाही, त्यासाठी अंगावरून उपचार लागतो. मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडीन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, चट्ट्यांपुरता नव्हे तर सगळ्या अंगाला लावायचा असतो. डोळे आणि तोंड मात्र सांभाळावे. कोमट पाणी, बंद खिडकी आणि आधीच उबदार करून ठेवलेला टॉवेल ही तयारी करूनच अंघोळीला बसावे. फेस अंगावर सांगितलेला वेळ राहिला तरच उपयोग होतो, म्हणून एकाने पिल्लू धरावे आणि दुसऱ्याने घड्याळ पाहावे. अगदी लहान किंवा अशक्त पिल्लू थंडीने गारठते. त्याला अंघोळ घालावी की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आता खोलीकडे वळू. पिल्लाला सारवलेल्या जमिनीवर, माळ्यावर किंवा लाकडी खणांच्या खोलीत न ठेवता सहज पुसता येईल अशा फरशीच्या लहान खोलीत ठेवावे. आपल्याकडची वाकळ उबदार खरी, पण तिच्या थरांत केस अडकून बसतात, म्हणून आजार संपेपर्यंत अंथरायला जुन्या सुती साड्यांचे धुता येण्याजोगे तुकडे वापरावेत. केसांत अडकलेले बीजाणू वर्षभरही जिवंत राहू शकतात, त्यामुळे मुख्य काम आहे ते केस उचलण्याचे. कोरडा झाडू मारला की ते हवेत उडतात. ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ते रोज गोळा करून, पिशवीत बांधून टाकावेत. आठवड्यातून दोनदा फरशी आधी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि मगच 1 लिटर पाण्यात 30 मिलिलिटर साधे घरगुती ब्लीच मिसळून ते 10 मिनिटे फरशीवर ओले राहू द्यावे, नंतर स्वच्छ पाण्याने पुसून खोली सुकवावी. या वेळात पिल्लू बाहेर पिंजऱ्यात असावे. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी फिनेलसारखी जंतुनाशके मांजराच्या यकृताला घातक ठरू शकतात, ती त्या खोलीत नकोत. कपडे झटकून मशीनमध्ये भरपूर पाण्यात, थोडे थोडे करून दोनदा धुवावेत. पावसाळ्यात सातारा-महाबळेश्वरकडे कपडे आठवडाभर दमट राहतात, पण दोनदा नीट धुऊन केस निघून गेले असतील तर उन्हावाचून अडत नाही.

वेगळे ठेवणे म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे. माणसांची सवय लागण्याचे पिल्लाचे वय पहिल्या दोन महिन्यांतले असते, आणि तेव्हा त्याला कोणी हात लावला नाही तर ते कायमचे बुजरे होऊ शकते. घरातल्या एका निरोगी मोठ्या माणसाने लांब बाह्यांचा एक ठरावीक सदरा घालून रोज दोन-तीनदा त्याच्याशी खेळावे, बाहेर येताना सदरा तिथेच काढावा आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. लहान मुले, वयस्कर मंडळी, मधुमेही आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांना मात्र या काळात दूर ठेवावे. कोणाच्या हातावर किंवा मानेवर खाजणारे लालसर गोल चट्टे उठले, तर त्वचारोगतज्ज्ञांना घरी मांजर असल्याचे आवर्जून सांगावे. मुलाच्या डोक्यातले केस गळू लागले तर नुसते मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. तरीही प्रत्येक नायट्याचा दोष पिल्लाला देऊ नये, कारण आपल्याकडच्या माणसांमधला बहुतेक नायटा दुसऱ्याच जातीच्या बुरशीचा असतो आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो.

नवे मऊ केस उगवले म्हणून औषध थांबवू नये. कातडी आधी सुधारते आणि बुरशी नंतर संपते. साधारण 6 ते 10 आठवडे धरून चालावे आणि थांबण्याचा निर्णय कल्चर तपासून डॉक्टरांना घेऊ द्यावा. शक्यतो लागोपाठ दोन अहवाल बुरशीमुक्त यावेत. घरातल्या इतर मांजरांची आणि कुत्र्याचीही, चट्टा नसला तरी, याच काळात तपासणी करून घ्यावी. खोली उघडण्यापूर्वी पिल्लाचा कंगवा, गळ्यातला पट्टा, पुठ्ठ्याची खोकी आणि कापडी खेळणी टाकून द्यावीत, आणि ज्या टोपलीतून पिल्लू दवाखान्यात नेले तीही धुऊन घ्यावी.