हातानं गाळलेल्या कॉफीच्या दुकानात पहिल्यांदा जाताना

जपानात, तोक्योच्या निशी-कासाई भागात नवीन आलेलं कुणी भेटलं, की वॉर्ड ऑफिस, बँकेचं खातं आणि कचऱ्याचे वार सांगून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हातानं गाळून कॉफी देणारं जवळपासचं एक दुकान धरा आणि तिथंच जात राहा. इथं शेजारपाजार आपल्यासारखा नसतो, दार वाजवून कुणी आत येत नाही. मला या देशातली पहिली ओळख आठ खुर्च्यांच्या अशाच एका दुकानात मिळाली.

जुन्या धर्तीच्या दुकानाला किस्सातेन म्हणतात. तोक्योत उएनोला १८८८ साली निघालेलं काहिसाकान हे त्यातलं पहिलं मानतात. गिंझातलं ‘काफे दो लांब्र’ १९४८ पासून चालू आहे आणि तिथं कॉफी सोडून दुसरं काही मिळत नाही. नव्या पद्धतीची दुकानं बघायची असतील तर कियोसुमी-शिराकावाला जा. तोझाई लाइननं मोन्झेन-नाकाचो, तिथून ओएदो लाइननं एकच स्टेशन. जुन्या गोदामांत कॉफी भाजणाऱ्यांनी तिथं बस्तान बसवलं आहे.

एकटे किंवा दोघंच जा. पहिल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमानंतर आम्ही पाच जण गप्पा मारत एका दुकानात शिरलो, तर मालकानं हातांची फुली करून नको म्हटलं. खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या, त्यामुळे फार लागलं मनाला. पण तो एकटाच सगळं करतो, एका वेळी एकच कप गाळतो. पाचव्याची कॉफी यायला वीसेक मिनिटं गेली असती. लहान मूल बरोबर असेल तर दारावरचा स्टिकर आधी बघा. एप्रिल २०२० पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, पण काही छोट्या जुन्या दुकानांना सवलत आहे, आणि जिथं ती असते तिथं वीस वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत.

जागा काउंटरवरचीच मागा. पाण्याचा ग्लास आणि हात पुसायला ओशिबोरी आपोआप येते. मग समोर बघा. मास्टर, म्हणजे मालक, दळलेल्या पुडीवर पाण्याची अगदी बारीक धार सोडतो आणि अर्धा मिनिट थांबतो. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर पूड तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगते. याला मुराशी म्हणतात. आत अडकलेला वायू निघून जातो आणि मग पाणी सगळीकडे सारखं मुरतं. पुढं मधोमध गोल गोल धार. वरचा फेस खाली उतरायच्या आत तो ड्रिपर, म्हणजे पूड ठेवलेलं गाळणं, उचलून बाजूला ठेवतो, कारण कडवट, तुरट ते शेवटीच उतरतं. काही दुकानांत कागदाऐवजी फ्लॅनेलचं फडकं असतं, त्याला नेल म्हणतात. त्यातून आलेली कॉफी जास्त दाट, मऊ लागते. धार चालू असताना त्याच्याशी बोलू नका.

मेन्यूत बुरेंदो म्हणजे दुकानाचं स्वतःचं मिश्रण, सुतोरेएतो म्हणजे एकाच ठिकाणच्या बिया. असाइरी कमी भाजलेली, फुकाइरी जास्त भाजलेली. जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या माणसाला असाइरी आंबट लागते, म्हणून मी सगळ्यांना सुरुवात फुकाइरीनं करायला सांगतो. ‘फुकाइरी दे ओसुसुमे वा आरिमासु का’, म्हणजे फुकाइरीत कुठली घ्यावी, एवढं पाठ करा. अर्धा कप तरी काळीच प्या, सावकाश. निवत जाते तशी चव बदलते, आणि माझ्या मते खरी मजा कोमट झाल्यावरच येते.

कप साधारण ६०० ते १,००० येनला पडतो. माणशी एक ऑर्डर द्यावीच लागते. टिप नसते, रोख जवळ ठेवा, फोन आला तर बाहेर जाऊन बोला. शाकाहारी असाल तर रेआ, म्हणजे न भाजलेला, चीजकेक टाळा, त्यात जिलेटिन असतं. उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणायला विसरू नका, खाल्ल्या-प्यायल्याबद्दल आभार मानायची ती रीत आहे.

असं चार-पाच वेळा गेलात की एक दिवस मास्टर विचारतो, ‘इत्सुमो नो?’ नेहमीचीच ना? ते ऐकलं त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो, बस घेतली नाही. पुढं एकदा त्यानं विचारलं, तुमच्याकडे कॉफी कशी करतात? पुढच्या खेपेला मी जायफळ आणि छोटी किसणी घेऊन गेलो. त्याला ते हॅम्बर्ग नावाच्या इथल्या पदार्थाच्या खिम्यात घालतात एवढंच माहीत होतं. त्यानं आधी नुसतं हुंगलं, मग माझ्यासाठी दुधाची कॉफी केली, वर दोनदा किसणी फिरवली, आणि एक कप स्वतःसाठीही ओतून घेतला.