लांबच्या रपेटीआधी घोड्याचे खूर

माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे आमचं पोट घोड्याच्या खुरांवर. लांब जायचं असेल तर नाल आठवडाभर आधी ठोकून घ्या, आदल्या दिवशी नको. खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेला, तर घोडा कधीकधी दोन-तीन दिवसांनी लंगडतो. माझी घोडी राणी अशीच एकदा दस्तुरीपासून, म्हणजे मोटारी थांबतात त्या नाक्यापासून, लगाम धरून चालवत आणली.

जांभ्याचा बारीक खडा नाल आणि तळव्यामध्ये रुततो. प्रत्येक थांब्यावर चारही पाय उचला, आकड्यानं टाचेकडून पुढे माती काढा. मधल्या मऊ त्रिकोणाला टोक लावू नका. मग खुरावर तळहात ठेवा. एकच खूर जास्त गरम लागला, तर खाली उतरा. चिखलानंतर खिळ्यांची वाकवलेली टोकं बोटानं चाचपा. खुराला तेलबिल काय, नुसतं दिसायला छान.