आंब्याच्या पेटीतली आमटी

२०२२ च्या मे महिन्यात घरगुती सिलिंडर हजाराच्या वर गेला, तेव्हा मी कालनिर्णय भिंतीवरून उतरवून हिशेब मांडला. सिलिंडर लावला की तारखेभोवती गोल करायची सवय जुनी. आमच्या तीन माणसांना १४.२ किलो गॅस ३८ दिवस पुरत होता. माझी नोकरी भोसरीत, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर गेली. भट्टी तापवणं सोपं असतं, तापलेली गार होऊ न देणं हा खरा खेळ. आणि घरात? पातेल्याला उकळी फुटली तरी खाली जाळ भसाभस चालूच.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रटरटून उकळा नाहीतर मंद, आकडा तोच. जाळ वाढवून नुसती वाफ वाढते, डाळ काही लवकर शिजत नाही. म्हणजे उकळी आल्यावर डाळीला जाळ नको, ऊब टिकायला हवी. आमची आजी चुलीवरचं पातेलं वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या मंद उबेच्या बाजूच्या तोंडावर, सरकवून ठेवायची, ते याचसाठी. युरोपात महायुद्धांच्या काळात सरपण-कोळशाची टंचाई झाली, तेव्हा बायका गवत भरलेल्या पेटीत अन्न शिजवत. आपण तेच करायचं, फक्त पेटी हापूसची.

पाच डझनी लाकडी पेटी घ्या. मंडईत हंगाम सरताना गाळेवाले रिकाम्या पेट्या देऊन टाकतात, पेंढ्यासकट. पेंढा दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवा. फळ्यांच्या फटींतून ऊब पळते म्हणून आतून वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर लावा. तळाला चार बोटं पेंढा दाबून भरा, मधोमध रिकामं पातेलं ठेवा आणि भोवती पेंढा ठासत जा. पातेलं अलगद उचललं की घरटं तयार. चारी बाजूंनी किमान तीन-चार बोटं पेंढा राहिला पाहिजे; राहत नसेल तर पातेलं मोठं आहे, पेटी लहान नाही. वर झाकायला जुन्या उशीच्या अभ्र्यात पेंढा भरून शिवून टाका.

थर्माकोलचा खोका चालेल का, असं सगळे विचारतात. मी आधी तोच वापरला होता. गॅसवरून उतरवलेलं पातेलं थेट आत ठेवलं आणि तळाशी गोल खड्डा पडला, त्या दिवशीच्या वरणाला प्लॅस्टिकचा वास. पेंढा वितळत नाही, पण पेटतो. म्हणून शेगडी आधी बंद, पातेलं अर्धा मिनिट ओल्या फडक्यावर, मग पेटीत. आणि पेटी शेगडीपासून चार हात लांब.

भातापासून सुरुवात करा. मावळातला इंद्रायणी अर्धा तास भिजवायचा, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण वाफ होऊन उडत नाही. आधणात वैरला की झाकण ठेवून चार मिनिटं उकळू द्या आणि पेटीत घाला. चाळीस मिनिटं उघडायचं नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा झाकण काढून पाहिलं, भात कच्चा राहिला आणि घरात महिनाभर टोमणे ऐकले. पातेलं निदान दोन तृतीयांश भरलेलं हवं; मूठभर भात पेटीत शिजत नाही, गार होतो. मी थर्मामीटर लावून पाहिलं आहे: भरलेलं पातेलं तासाभराने ८९ अंशांवर होतं, तीन तासांनी ७६ वर. ६० च्या खाली अन्न रेंगाळू द्यायचं नाही, म्हणून चार तासांत बाहेर काढून पुन्हा एक कढ आणायचा.

तुरीच्या डाळीने मात्र मला दमवलं. तासभर भिजवा, दहा मिनिटं उकळा, दोन तास ठेवा, तरी डाळ बोटचेपी, एकजीव होईना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, कुकरच ठेवा की आत!" एक शिट्टी, गॅस बंद, कुकर पेटीत. कुकरमध्ये तापमान १२० च्या घरात जातं आणि पेटीत ते सावकाश उतरतं. अर्ध्या तासात वरण मऊसूत. कुकरचा दांडा बाहेर येतो म्हणून करवतीने एका फळीला खाच पाडली. चिंच, आमसूल फोडणीच्या वेळी घाला, आंबटात डाळ शिजत नाही. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय पेटीत घालू नका. नुसत्या उबेने त्यातलं विष जात नाही. मटण-मासळीच्या फंदात मी पडलेलो नाही.

आता सिलिंडर ४६ दिवस जातो. वर्षाला पावणेदोन सिलिंडरांच्या आसपास वाचतात. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, कारण गॅसमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. म्हणजे सत्तरेक किलो कमी. देशाच्या हिशेबात हे मोहरीएवढंसुद्धा नाही, मला माहीत आहे. पण आपल्याकडचा निम्म्याहून जास्त एलपीजी परदेशातून येतो, त्यातला बहुतेक आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. तिकडे तोफ धडाडली की इकडे भाताचं गणित बिघडतं. मुलगा म्हणतो, इंडक्शन घ्या. घेऊ, पण राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर आहे. धूर आपल्या ओट्यावरून चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जाईल, एवढंच. पेटी दोन्हीला चालते.

पावसाळ्यात पेंढा दमट होतो, बुरशीचा वास आला की फेकून नवा भरा. आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पेटी मिळत नाही, तिच्यात आंब्याची आढी असते. ते दोन महिने कुकर गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात बसतो.