बूम पोलची केस: भिंतीपेक्षा टोकांकडे बघा

बूम पोल म्हणजे टोकाला माइक लावून धरायची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची (सेक्शनची) लांब काठी. तिच्यासाठी केस घेताना पहिली नजर जाते ती प्लास्टिक किती जाड आहे याकडे. आत पोल किती हलतो हे मात्र घरी आणल्यावर कळतं. खरं तर केसची भिंत फोडून काहीतरी आत घुसलं आणि पोल मोडला, असं क्वचितच होतं. पोल बिघडतो तो टोकांशी. केस उभी आपटली की पोलचं सगळं वजन खालच्या एक्सएलआर सॉकेटवर (माइकची केबल जोडायची जागा) किंवा माइक बसवायच्या वरच्या ३/८ इंची आट्यांवर येतं. सॉकेटच्या मागचे सोल्डरचे जोड हलतात आणि दुसऱ्या दिवशी सेटवर खरखर सुरू होते. बाहेरून पोलवर ओरखडाही नसतो, त्यामुळे संशय आधी केबलवर आणि मग माइकवर जातो.

म्हणून दुकानात असा किंवा ऑनलाइन बघत असा, पहिला प्रश्न हाच विचारा: पोलची दोन टोकं आत कशावर टेकणार?

माप आधी, खरेदी नंतर

कॅटलॉगमध्ये छापलेल्या मिटलेल्या लांबीवर विसंबू नका. त्यात कधी टोकाचे आटे धरलेले असतात, कधी नसतात. तुम्ही कायम लावून ठेवलेला क्विक रिलीज (माइक पटकन काढा-घालायचा जोड) तर नसतोच. पोल पूर्ण मिटवा, सगळ्या कॉलर (सेक्शन जागेवर धरणाऱ्या, फिरवून आवळायच्या रिंगा) बोटांनी आवळा आणि पोल जमिनीवर आडवा ठेवा. दोन्ही टोकांना एकेक जाड पुस्तक उभं लावा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. टोकाला जे काही कायम राहणार आहे ते सगळं लावूनच मोजायचं.

अंदाजासाठी: पूर्ण उघडल्यावर ३ मीटर होणारा पाच सेक्शनचा पोल मिटून ८० सेंमीच्या आसपास येतो, कारण प्रत्येक सेक्शनचा थोडा भाग दुसऱ्यात अडकून राहतो आणि वर कॉलरची उंची असते. तेवढाच तीन सेक्शनचा पोल मिटूनही एक मीटरच्या वर जातो. प्रवास जास्त असेल तर हा फरक पोल घेतानाच लक्षात घ्यावा. नंतर केस बदलून तो भरून निघत नाही.

आता रुंदी. सर्वात फुगीर जागा मोजा. ती बहुधा सर्वात जाड सेक्शनच्या कॉलरपाशी असते. केबल बाजूने बाहेर येणारा बेस (पोलचं खालचं टोक) असेल तर तिथे. आतून केबल घातलेल्या पोलला वरच्या टोकाशी माइकसाठी छोटी केबल लोंबत असते. ती मागे वळवून पोललगत बांधता येईल एवढी जागा हवी. टोकातून बाहेर पडते तिथेच ती काटकोनात दुमडली गेली, तर आतली तार नेमकी त्याच जागी तुटते.

एकापेक्षा जास्त पोल एका गोल नळीत न्यायचे असतील तर भूमिती कामाला येते. दोन पोलना आतला व्यास एका पोलच्या दुप्पट लागतो, तिघांना २.१५५ पट, चौघांना २.४१४ पट. म्हणजे दोनाचे तीन केले तर जागा फार वाढत नाही. पण अंदाजाने गेलात तर नेमके तीन-चार मिलिमीटर कमी पडतात. उदाहरणार्थ, ४० मिमीचा पोल आणि भोवती पायमोज्यासारखं ५ मिमी जाडीचं कापडी आवरण (मोजा), असे एकूण ५० मिमी. दोन पोलना १०० मिमी लागतील, तिघांना जवळपास १०८. बाहेरून ११० मिमी असलेल्या आणि ३ मिमी भिंतीच्या पाइपचा आतला व्यास १०४ मिमी असतो. दोन पोल आरामात जातात, तिसरा जात नाही. मोजे काढून तिसरा कोंबण्याचा मोह आवरा. एकमेकांवर घासणारे पोल म्हणजे ओरखडे आणि सैल झालेल्या कॉलर.

केस कोणाच्या हाती जाणार?

पोल तुमच्याच गाडीत, तुमच्याच नजरेखाली फिरणार असेल तर पॅडिंगवाली कापडी बॅग पुरते. ती हलकी असते, पटकन उघडते आणि गाडीच्या कोपऱ्यात मावते. त्यात तीन गोष्टी तपासा. पॅडिंग निदान १० मिमीचं आणि बोटाने दाबल्यावर परत वर येणारं हवं. चेन पूर्ण लांबीची हवी. फक्त तोंडाशी उघडणाऱ्या बॅगेत पोल खाली सरकवताना तो दर वेळी तळावर आपटतो. तळाला कापडाचा दुसरा थर किंवा रबराची टोपी हवी, कारण बॅग उभी टेकवली जाते आणि झिजते ती तिथेच. ट्रायपॉड किंवा लाइट स्टँडची बॅगही चालते, पण तिच्यात पोलबरोबर स्टँड ठेवू नका. स्टँडच्या पायाची लोखंडी कड आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीची कार्बन फायबरची नळी, यांचं एकत्र जमत नाही.

इथे कार्बन फायबरचा स्वभाव समजून घ्यावा. लांबीच्या दिशेने तो ताठ आणि मजबूत असतो, पण एका बिंदूवर बसलेला टणक मार त्याला सोसत नाही. आतले थर सुटतात, वरून बारीक पांढुरकी रेघ दिसते, आणि पुढे कधीतरी पोल पूर्ण उघडून माइक लावला की तिथूनच चिरफळतो. अॅल्युमिनियमचं उलट: तो फुटत नाही, त्याला पोचा पडतो. पण एक पोचा आला तरी आतला सेक्शन तिथे अडकतो. दोन्हींचा उपाय एकच. पोलला केसमध्ये एकट्याची जागा द्या.

पोल ट्रकमध्ये, ट्रान्सपोर्टमध्ये किंवा विमानाच्या सामानात जाणार असेल तर कडक केसच हवी. गोल नळी हलकी आणि स्वस्त पडते, पण घरंगळते. गाडीने वळण घेतलं की ती मोकळी पळते. चौकोनी छेदाची केस एका जागी राहते आणि तिच्यावर दुसरं सामान रचता येतं. गोलच घ्यायची असेल तर दोन्ही टोपणं बाहेरून चौकोनी किंवा षटकोनी असलेली बघा. मासेमारीच्या गळाच्या काठ्यांसाठी मिळणाऱ्या नळ्या यासाठी चांगल्या असतात. लांबी कमीजास्त करता येणारी असेल तर तिचा सरकता जोड पक्का लॉक होतो ना, हे दोन्ही हातांनी ओढून बघा.

विमानाचं गणित थोडक्यात. अनेक विमान कंपन्या चेक-इन केलेल्या सामानासाठी लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंमी ही मर्यादा धरतात. १२० सेंमी लांब आणि १२ सेंमी व्यासाची नळी १४४ मध्ये बसते. १३५ × १५ × १२ सेंमीची चौकोनी केस १६२ होते आणि अडकते. मोजताना हँडल, चाकं, कड्या सगळं धरतात. रबरी रिंगने हवाबंद होणारी केस असेल तर दाब सोडणारी झडप हवी, नाहीतर उतरल्यावर आतली हवा कमी दाबाची राहते आणि झाकण उघडता उघडत नाही. प्लग-ऑन ट्रान्समीटरच्या (माइकला थेट जोडायच्या वायरलेस यंत्राच्या) सुट्या लिथियम बॅटऱ्या या केसमध्ये ठेवायच्या नाहीत. त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. तपासणीवाले केस उघडू शकतात, म्हणून सामान कसं लावलंय त्याचा फोटो झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा. अनोळखी माणूस घाईत केस परत भरणार आहे, हे धरूनच आतली मांडणी सोपी ठेवायची.

फोम

स्पंजासारखा मऊ पॉलियुरेथेन फोम हाताला छान लागतो आणि पोलसाठी तोच त्रासदायक ठरतो. हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत तो चिकट होतो, मग त्याची भुकटी पडते. ती कॉलरच्या आट्यांत जाऊन बसते आणि पोल उघडताना करकर ऐकू येते. पाणीही तो धरून ठेवतो. त्यापेक्षा बंद पेशींचा पॉलिथिलीन किंवा ईव्हीए फोम घ्या. ओळखायचा असेल तर तुकडा पाण्यात दाबून सोडा. पाणी न पिता तसाच वर आला तर तो योग्य.

टोकांची रचना अशी: प्रत्येक टोकाला आधी २५ मिमी जाडीची भरीव चकती, तिच्यावर मध्ये भोक असलेली कडी. सॉकेट किंवा आटे जेवढे पुढे आलेत त्यापेक्षा कडी ५ मिमी जाड ठेवा. मग वजन सॉकेटवर न येता बेसच्या धातूच्या कडेवर येतं, आणि वरच्या बाजूला कॉलरच्या खांद्यावर. एक्सएलआर मावण्यासाठी २४ मिमीचं भोक पुरतं. बेस याहून रुंद असतो, त्यामुळे तो आत रुतत नाही. वरच्या कडीचं भोक मोठं ठेवा, केबलला वळण घ्यायला जागा राहते.

यावरून केसच्या आतल्या लांबीचं सूत्र निघतं: मोजलेली लांबी अधिक ५५ मिमी. त्यात दोन चकत्यांचे ५०, दोन्ही कड्यांचे वाढीव १०, आणि फोम थोडा दबून पोल धरला जावा म्हणून वजा ५. पोल ७९० मिमी असेल तर आतून ८४५ मिमी. तयार केस यापेक्षा लांब मिळाली तर हरकत नाही, वरची जागा भरीव चकत्यांनी भरा. आखूड मिळाली तर घेऊ नका. झाकण जोर लावून बंद करावं लागत असेल तर तो जोर पोलवरच पडतोय.

पाइपची केस घरी करायची असेल तर

एका पोलसाठी बाहेरून ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप पुरतो. भिंत साधारण २.२ मिमी असली तर आतून ७० मिमी मिळतात आणि वजन मीटरला सुमारे ७०० ग्रॅम पडतं. बेस बाजूला फार पुढे आला असेल तर आधी तो आत जातो का ते बघा. लागणारं सामान: पाइप, एक बंद टोपण, एक आट्यांचं टोपण त्याच्या जोडासकट, सॉल्व्हेंट सिमेंट, ५ मिमीचा ईव्हीए शीट, चकत्यांसाठी २५ मिमीचा फोम, करवत आणि कानस.

पाइपभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळून कडेला कड जुळवा आणि तिच्यावर रेघ मारा, म्हणजे काप तिरका जात नाही. कापल्यावर आतली कड कानशीने साफ घासा. राहिलेला कीस पोलच्या मोज्यात अडकतो. लांबी टोपणाच्या आतल्या तळापासून दुसऱ्या टोपणाच्या आतल्या तळापर्यंत धरायची, पाइपच्या तोंडापासून नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. खालचं टोपण आणि वरचा आट्यांचा जोड सिमेंटने चिकटवा. आट्यांवर सिमेंटचा थेंबही जाऊ देऊ नका. त्यानंतर पाइप निदान २४ तास उघडा ठेवा. सॉल्व्हेंटचा वास पूर्ण गेल्याशिवाय पोल आत घालायचा नाही, कारण त्या वाफा रबराला आणि रंगाला लागतात.

तळाच्या टोपणाला २-३ मिमीचं एक भोक पाडा. नाहीतर चकती आत सरकवताना पाइप पिचकारीसारखा वागतो: हवा अडकते, फोम परत वर येतो.

आतलं अस्तर चिकटवू नका. शीटची गुंडाळी करून आत सोडा, ती उलगडून भिंतीला टेकते. रुंदी मात्र नीट काढा: आतल्या व्यासातून शीटची जाडी वजा करून ३.१४ ने गुणा. (७० − ५) × ३.१४ म्हणजे २०४ मिमी. थेट ७० ला गुणून २२० कापलं तर अस्तराला आत घडी पडते आणि ती दर वेळी पोलला अडते. अस्तर घातल्यावर ६० मिमी मोकळे राहतात. पोल ४० मिमीचा असेल तर तो बाजूला डुलतो, म्हणून फोमच्या दोन बांगड्या त्याच्यावर चढवा: एक बेसजवळ, दुसरी कॉलरच्या पुंजक्याच्या खाली. दोन्ही सर्वात जाड नळीवर बसतात, आणि आधार तिथेच हवा.

खांद्याचा पट्टा लावायचा तर कड्या टोपणांना लावू नका, पाइपला बांधलेल्या पट्ट्यांना लावा. आट्यांचं टोपण चालता चालता सैल होतं आणि वजन त्याच्यावरच लोंबत असेल तर एक दिवस हातात फक्त टोपण राहतं.

भरताना

कॉलर बोटांच्या जोराने आवळा. पूर्ण सैल सोडल्या तर केस उलटी झाल्यावर सेक्शन घसरून आपटतात. करकचून आवळल्या तर सेक्शन धरणारा आतला दाबपट्टा दबूनच राहतो. पावसात किंवा वाळूत काम झालं असेल तर पोल पूर्ण उघडा, कोरड्या कापडाने वरून खाली पुसा, हवेत सुकू द्या, मगच मिटवा. ओला पोल हवाबंद केसमध्ये ठेवलात तर केसच ओलावा सांभाळत बसते. सिलिका जेलची पुडी थोडाच ओलावा शोषते. माइक, शॉक माउंट (माइकला हादऱ्यांपासून वाचवणारी पकड) आणि ब्लिम्प (वारा अडवणारं माइकचं कवच) या केसमध्ये नकोत, त्यांची केस वेगळी. केस उन्हात बंद गाडीत सोडू नका. चिकटवलेला फोम गरमीने सुटतो आणि डिंक पोलला लागतो.

शेवटी कानाने तपासा, ते तर आपलं कामच आहे. भरलेली केस छातीजवळ धरून आधी उभी हलवा, मग आडवी, मग उलटी करून. उभी हलवताना ठक् आवाज आला तर चकती पातळ आहे. आडवी हलवताना आला तर बांगडी सैल आहे. बारीक खुळखुळ येत असेल तर कॉलर सैल राहिली आहे किंवा टोकाची केबल बांधायची राहून गेली आहे.