भर दुपारच्या उन्हाचं कलर फील्ड चित्र

कलर फील्ड म्हणजे आकृत्यांऐवजी रंगाच्या मोठ्या पट्ट्यांनी उभं राहणारं चित्र. त्यात उन्हाळा म्हटलं की हात आपोआप भडक पिवळ्याकडे जातो. भर दुपारचं ऊन मात्र रंग धुऊन काढतं: क्षितिजाजवळ आभाळ फिकं पडतं, गवत पिवळट राखाडी होतं, जमीन आणि आभाळ टोनने, म्हणजे उजळ-गडदपणाने, जवळ येतात. चित्रातली धग या जवळिकीतून येते. डोळे किलकिले करून दृश्य पाहा आणि छोट्या कागदावर त्याचे तीनच पट्टे मांडा. एकाला निम्म्याहून जास्त जागा द्या. समान पट्टे झेंड्यासारखे दिसतात.

६० × ७५ सेंमीच्या कॅनव्हासला जेसोचे (रंगाआधी देण्याच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. वाळल्यावर बारीक सँडपेपर फिरवा आणि सगळीकडे यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ थर द्या. वरच्या निळ्या-राखाडीतूनही त्याची ऊब जाणवत राहते.

पुढचे थर एक भाग अ‍ॅक्रिलिक रंग आणि दोन भाग ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रावण) असे कालवा. नुसत्या पाण्याने फार पातळ केलं तर बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ होतो आणि थर नीट धरत नाही. सात-आठ सेंमीचा चपटा ब्रश घ्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. ओल्या नारिंगीवर निळा गेला की मळकट राखाडी झालाच. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून मिश्रण आधी कागदावर वाळवून बघा. उजळपणासाठी पांढरा ओतू नका, रंग खडूसारखा निर्जीव होतो. थर पातळ ठेवा, खालचं ऑकर ते काम करतं.

सर्वांत जास्त वेळ कडांना द्या. दोन पट्ट्यांमध्ये सेंटिमीटरभर ऑकर उघडं सोडा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने दोन्ही बाजूंचा रंग त्यावर हलकेच ओढा. मास्किंग टेपची धारदार कड इथे उन्हाची थरथर मारते. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून तपासा: पट्टे जेमतेम वेगळे दिसायला हवेत. फरक जास्त वाटला तर गडद पट्ट्यावर ऑकर आणि किंचित पांढऱ्याचा पातळ थर द्या.

अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांनी १९५२ मध्ये जेसोविना कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग मुरवला होता. तसा डागाळलेला पोत हवा असेल तर जेसो न देता कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवा, पण रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. तेलाने कच्चं कापड कालांतराने ठिसूळ होतं. मुरलेला डाग पुसता येत नाही, त्यामुळे फिक्या रंगापासून सुरुवात करा.