बारीक धुळीपासून हृदय कसं जपाल?

हवा खराब झाली की आपण खोकल्याची आणि दम्याची काळजी करतो. हृदयाचा विचार क्वचितच होतो, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात, तिथे दाह होतो, आणि त्याचे परिणाम रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्तदाब वाढतो, चरबीचे थर साठायला मदत होते, गुठळी होण्याची शक्यता वाढते. हे सगळं वर्षानुवर्षं, काही जाणवू न देता चालू असतं. अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या ८,००० हून जास्त प्रौढांवर १४ ते १६ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपानासारख्या गोष्टींचा हिशेब वेगळा काढूनही सर्वांत दूषित शहरातला मृत्यूदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला.

म्हणून एखाद्या धुरकट दिवसापुरतं जपून भागत नाही. वर्षभराचा मारा कमी करायचा आहे.

१. आकडा नीट वाचा. 'समीर' किंवा 'सफर' ॲपवर नुसता एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा निर्देशांक) पाहू नका, पीएम २.५ चा आकडा बघा. आपल्याकडे एक्यूआय १०० पर्यंत 'समाधानकारक' म्हणतात. पण पीएम २.५ मुळे एक्यूआय १०० झाला असेल तर हवेत दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे, वर्षाची सरासरी तर ५. हिरवा रंग दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

२. फिरायची वेळ आणि रस्ता बदला. थंडीत मुंबई-पुण्यात पहाटेची हवा जमिनीलगत कोंडून राहते. ऊन चढलं, वारा सुटला की मग निघा. हमरस्ता सोडून आतल्या गल्लीतून चाला. चालणं मात्र बंद करू नका, हृदयाला ते हवंच आहे.

३. घरातला धूर थांबवा. ही पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. मच्छर कॉइलच्या धुराचं मोजमाप झालं, तेव्हा एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाले. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून लेकराला शेजारी झोपवायचं, हे ऐकूनच पोटात गोळा येतो. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप खिडकी उघडी ठेवून, थोडाच वेळ. फोडणीच्या वेळी चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू हवा. केर कोरडा झाडण्यापेक्षा लादी ओल्या फडक्याने पुसा.

४. मास्क लावायचा तर एन-९५. रुमाल, ओढणी, कापडी मास्क या कणांना फारसं अडवत नाहीत. नाकावरची पट्टी दाबून बसवा. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ धरली तर वरून फट आहे, पुन्हा बसवा. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

५. बाकीचा भार हलका करा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा. तंबाखू-सिगारेट सोडा. औषधाची गोळी चुकवू नका. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा, घर हमरस्त्यालगत आहे की काम धुळीतलं आहे. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, बसल्याजागी धाप यांपैकी काहीही झालं तर 'गॅस झालाय' म्हणत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.