सूत, इंच की मिलिमीटर? फर्निचरचं सामान आणताना या चुका टाळा

१८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक ठेवून दीड इंची स्क्रू मारला की पलीकडून टोक डोकावतं. दोष स्क्रूचा नाही, मारणाऱ्या हाताचाही नाही. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर आणि दोन प्लायची मिळून जाडी ३६. पाऊण इंच म्हणजे खरं तर १९.०५ मिलिमीटर, पण दुकानात १८चा प्लायही ‘पाऊण इंची’ आणि १९चाही ‘पाऊण इंची’च. अशा जोडाला ३० किंवा ३२ मिलिमीटरचा स्क्रू मागा.

वजनमापांचा मेट्रिक कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, तरी सुताराच्या बोलण्यातून सूत गेलं नाही. जायची गरजही नाही, ते माप सोयीचंच आहे. फक्त सूत म्हणजे ३ मिलिमीटर असं धरू नका. सूत हा इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. आठ सुतांचे २४ मिलिमीटर धरले तर एका इंचामागे जवळजवळ दीड मिलिमीटर हरवतो. मिस्त्री सुतात मोजत असतील तर कागदावरचं मापही सुतातच लिहून द्या. मधे कोणी बदल करायचा नाही.

स्क्रूच्या डबीवरचे आकडे तर एकाच ओळीत दोन पद्धतींचे असतात. ‘८ × ३२’ यातला ३२ म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. ८ मात्र मिलिमीटर नव्हे, तो स्क्रूचा जुना इंग्रजी नंबर आहे. ६ नंबर साधारण ३.५, ८ नंबर ४.२ आणि १० नंबर ४.८ मिलिमीटर जाडीचा. काही डब्यांवर आकड्यांचा क्रम उलटा असतो, म्हणून लहान आकडा तो नंबर असं समजा. ८ नंबरसाठी प्लायमध्ये आधी भोक पाडायला ड्रिलचं अडीच ते तीन मिलिमीटरचं बिट पुरतं. भोक मोठं पडलंच असेल तर सागाची काडी गोंदात बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग नवं भोक पाडा. मोठ्या भोकात लांब स्क्रू घालून वेळ मारून नेली तर बिजागरी काही महिन्यांत लोंबायला लागते.

बोल्टचे आटे

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे, कारण ही चूक लगेच दिसत नाही. अडीच सुती बोल्ट, म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटरचा. एम-८ बोल्ट ८ मिलिमीटरचा. हाताला दोन्ही सारखेच लागतात. पण एम-८च्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर, तर अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे अंतर १.४१. अडीच सुती बोल्टवर एम-८ चाकी (नट) दोन-तीन फेरे गुमान फिरते आणि अडकते. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच. पलंगाच्या लाकडात ठोकलेली चाकी अशी बिघडली तर ती काढताना लाकूडही फाटतं.

दोन सुती म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. त्याची चाकी एम-६ बोल्टवर सैल बसते. घट्ट झाल्यासारखी वाटते, पण भार आला की सरकते. पलंगाला किंवा झोपाळ्याला अशी जोडी कधीही लावू नका.

ओळखायचं कसं? दोन बोल्टचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. सारखे असतील तर फट दिसत नाही. डोक्यावर ४.८ किंवा ८.८ असा आकडा असेल तर बोल्ट मेट्रिक. आणि दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात ठेवा, नुसतं माप सांगू नका.

ड्रॉवरचं चॅनल

ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या बॉल बेअरिंगच्या साध्या चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जागा लागते. ‘अर्धा इंच म्हणजे बारा मिलिमीटर’ असं धरून कपाटाच्या आतल्या पोकळीच्या रुंदीतून २४ वजा केले तर ड्रॉवर घासतो. २६ वजा करा. पोकळी ५६४ असेल तर ड्रॉवर बाहेरून ५३८. मात्र पोकळी आतून सनमायका चिकटवल्यानंतर मोजा, कारण दोन्ही बाजूंचा मिळून दीड-दोन मिलिमीटर तिथेच खर्च होतो. ड्रॉवर थोडा अरुंद झाला असेल तर चॅनलमागे सनमायक्याची पट्टी घाला. रुंद झाला असेल तर बाजू रंधून घ्या. चॅनल वाकवून बसवू नका.

लांबीचंही तेच. ‘१८ इंची’ चॅनल बहुतेक वेळा ४५० मिलिमीटरचं निघतं, ४५७चं नाही.

हँडल

माझ्या स्वयंपाकघरात ‘चार इंची’ हँडलसाठी १०१.६ मिलिमीटरवर भोकं पडली आणि हँडल निघालं ९६चं. हल्लीच्या हँडलांच्या भोकांतली अंतरं ३२च्या पटीत असतात: ९६, १२८, १६०, १९२. १२८ आणि पाच इंचात जेमतेम एका मिलिमीटरचा फरक, तो भोक थोडं ऐसपैस केलं की निभतो. ९६ आणि चार इंचात साडेपाच मिलिमीटर, तो निभत नाही. दोन्ही भोकं थोडी थोडी सरकवू नका. तसं केलं तर नवं भोक जुन्यातच उतरतं आणि बिट घसरतं. एक भोक तसंच ठेवा, दुसरं लाकडी खुंटीने आणि गोंदाने पूर्ण बुजवा, वाळल्यावर हँडलच दारावर टेकवून खूण करा. बुजवलेली जागा हँडलच्या पायाखाली झाकली जात नसेल तर मागे पट्टी असलेलं हँडल घ्या.